जुने दार उघडे ठेवून

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी आपल्या देशातील विमानतळांवर एक विचित्र दृश्य दिसले. एरवी यंत्रातून सर्रकन बाहेर येणारे बोर्डिंग पास त्या दिवशी कर्मचारी हाताने लिहून देत होते. खिडक्यांवरच्या संगणकांचे पडदे निळे पडले होते आणि रांगा पुढे सरकत नव्हत्या. तिकडे युरोप-अमेरिकेत बँका, रुग्णालये, दूरचित्रवाणी केंद्रे अडकून पडली होती. सायबर हल्ला झाला, अशी आवई उठायला वेळ लागला नाही. प्रत्यक्षात हल्ला वगैरे काही नव्हता. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी आपल्या ग्राहकांच्या संगणकांकडे एक छोटी फाइल धाडली होती आणि त्या फाइलीत दोष होता. चूक ध्यानात येताच कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली. तोपर्यंत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक कोसळले होते.

माझ्या मते या घटनेत विचार करण्याजोगी गोष्ट ८५ लाखांचा आकडा नाही. जगातल्या विंडोज संगणकांच्या हिशेबात तो एक टक्क्याहूनही कमी आहे. विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, दुरुस्ती ७८ मिनिटांत तयार असूनही अनेक ठिकाणी कामकाज पुढे कित्येक दिवस रखडले. कारण साधे होते. कोसळलेला संगणक पुन्हा सुरू होताना तीच सदोष फाइल वाचायचा आणि पुन्हा कोसळायचा. जे यंत्र सुरूच होत नाही, त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी? शेवटी माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन ती फाइल हाताने पुसावी लागली. लॅचचे दार ओढून घ्यावे आणि दुसरी किल्लीही आतच राहावी, तसा हा प्रकार झाला.

आज या विषयावर लिहायचे, ते या दुसऱ्या किल्लीसाठी. नवे काही आजमावताना आपण बहुधा एवढेच विचारतो की, नवे चांगले आहे का. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: ते बिघडले तर परत फिरण्याची वाट कुठून जाते, आणि ती वाट त्या नव्याच्याच ताब्यात तर नाही ना? संगणकाच्या जगात या प्रश्नाचे एक चांगले उत्तर गेली तीस वर्षे उपलब्ध आहे. ते समजून घेण्यासाठी आधी ‘कर्नल’ या प्रकरणाची ओळख करून घ्यावी लागेल.

घराचा कारभारी

कर्नल म्हटले की आपल्याला लष्करातले कर्नलसाहेब आठवतात. हा कर्नल वेगळा. फळाच्या बीमधला मगज, या अर्थाचा. आपण ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो, त्यात पडद्यावर दिसणारे बरेच काही असते: चित्रे, खिडक्या, घड्याळ, फाइलींचे खण. या साऱ्यांच्या तळाशी एक प्रोग्रॅम बसलेला असतो आणि तो कुणाला दिसत नाही. कुठल्या कामाला किती स्मृती द्यायची, हार्ड डिस्कवर कोणी लिहायचे, कळफलकावरचे अक्षर कोणाकडे पाठवायचे, हे सगळे तो ठरवतो. एकत्र कुटुंबातल्या कारभाऱ्यासारखा. इतर एखादा प्रोग्रॅम बिघडला तर तेवढाच बंद पडतो. कारभारीच कोसळला तर मात्र घर थांबते. क्राउडस्ट्राइकचा प्रोग्रॅम विंडोजच्या कर्नलमध्ये बसून काम करत होता, म्हणूनच एका फाइलीने सगळे यंत्र खाली बसले.

असा कारभारी बदलायचा तर धाकधूक वाटणारच. पण लिनक्सच्या जगात ही गोष्ट रोज घडते आणि तिचा कोणी बाऊ करत नाही. लिनक्सचा कर्नल म्हणजे डिस्कवरची साधारण दहा-पंधरा मेगाबाइटची एक फाइल. तिच्या नावातच तिचा क्रमांक असतो. तिला लागणारी इतर सामग्री त्याच क्रमांकाच्या वेगळ्या कप्प्यात राहते. त्यामुळे नवा कर्नल आला तरी तो जुन्याच्या जागी बसत नाही, त्याच्या शेजारी येऊन बसतो. संगणक सुरू होताना कोणत्या कर्नलला हाक मारायची, हे ठरवणारा आणखी एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला बूट लोडर म्हणतात. तो यादी दाखवतो, आपण निवडतो. नव्या कर्नलवर वायफाय चालेना, पडदा काळा राहिला, तर यंत्र बंद करावे, पुन्हा सुरू करावे आणि यादीतून जुना निवडावा. फेडोरा नावाची लिनक्सची आवृत्ती एरवी शेवटचे तीन कर्नल जपून ठेवते. चौथा आला की सर्वांत जुना निघतो, पण सध्या ज्यावर यंत्र चालू आहे तो कधी काढला जात नाही.

यात आणखी एक बारकावा आहे. दूरच्या शहरातल्या, माणूस जवळ नसलेल्या संगणकावर नवा कर्नल आजमावायचा असेल, तर बूट लोडरला सांगून ठेवता येते की, ‘फक्त पुढच्या एका वेळेपुरता नवा वापर, त्यानंतर पुन्हा जुना.’ कर्नल कोसळलाच तर दहा सेकंदांनी यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हावे, अशीही तजवीज करता येते. म्हणजे नवा नापास झाला, की कोणी काही न करता जुना कामावर हजर होतो. नव्याला कायमची गादी मिळते ती त्याने काम करून दाखवल्यावर. आणि मुख्य म्हणजे हा न्यायनिवाडा नव्याकडे नसतो. तो त्याच्या बाहेर बसलेल्या बूट लोडरकडे असतो. क्राउडस्ट्राइकच्या प्रकरणात नेमके हेच नव्हते.

लिनक्सचाच जन्म शेजारघरात

ही रीत कुण्या व्यवस्थापन-तज्ज्ञाने बसवलेली नाही. ती गरजेतून आली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या नव्या ३८६ संगणकावर मिनिक्स नावाची प्रणाली घातली होती. अॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी ती १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी तयार केली होती. टोरवाल्ड्स यांनी आपला कर्नल लिहिला तो या मिनिक्सच्या आधाराने. लिहायचे मिनिक्समध्ये, जुळवायचे मिनिक्समध्ये आणि मग यंत्र पुन्हा सुरू करून आपले बाळ दोन पावले चालते का ते पाहायचे. त्या वर्षीच्या २५ ऑगस्टला त्यांनी आपल्या कामाची जाहीर वाच्यता केली, तेव्हाही हा आपला छंद आहे, फार मोठे काही होणार नाही, असाच त्यांचा सूर होता.

पुढची गंमत त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. मोडेमवरून विद्यापीठाच्या संगणकाला फोन लावायचा होता. आज्ञा देताना मोडेमऐवजी हार्ड डिस्कचे नाव गेले आणि फोन लावण्याच्या सूचना थेट डिस्कवर लिहिल्या गेल्या. मिनिक्सचा भाग खराब झाला. मिनिक्स पुन्हा घालण्याऐवजी त्यांनी तेव्हापासून लिनक्सवरच राहायचे ठरवले. या कथेतून दोन गोष्टी दिसतात. एक, जुन्याच्या आधाराशिवाय नवे उभेच राहिले नसते. दुसरी, दोघे एकाच डिस्कवर राहतात तेव्हा हात चुकला की शेजाऱ्याचे घर जळते. शेजारी ठेवणे म्हणजे सुरक्षित ठेवणे, असे नाही.

पुढे लिनक्सच्या मंडळींनी आकड्यांचीच एक शिस्त लावून घेतली. १.२, २.४ असे बिंदूनंतर सम आकडा असलेले कर्नल रोजच्या कामासाठी, १.३, २.५ असे विषम आकड्याचे प्रयोगासाठी. सम म्हणजे घर, विषम म्हणजे प्रयोगशाळा. आकडा पाहूनच माणसाला कळे की आपण कोणत्या दारातून आत चाललो आहोत. २००३ मध्ये २.६ ही मालिका आली आणि त्यानंतर ती आकड्यांची पद्धत सुटली, पण विचार सुटला नाही. आजही दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो आणि त्याच वेळी काही निवडक जुन्या कर्नलना पुढची किमान दोन वर्षे दुरुस्त्या मिळत राहतात.

त्या बूट लोडरची कथाही सांगण्यासारखी आहे. आज सर्वाधिक वापरात असलेला ग्रब हा बूट लोडर एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये लिहायला घेतला, तो लिनक्ससाठी नव्हे, तर हर्ड नावाच्या दुसऱ्याच प्रणालीसाठी. रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीएनयू प्रकल्पाने १९९० मध्ये हर्डचे काम सुरू केले होते. हर्ड रोजच्या वापराइतका तयार कधी झालाच नाही. तीन दशकांनंतरही तो हौशी प्रयोगकर्त्यांपुरता उरला आहे. पण त्याच्यासाठी बनवलेले दार राहिले, आणि त्याच दारातून आज असंख्य संगणक रोज सुरू होतात.

प्रश्न घरापर्यंत आला आहे

हे सारे तज्ज्ञांचे विषय आहेत, आम्हाला काय त्याचे, असे वाचकांना वाटू शकेल. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी हा प्रश्न थेट आपल्या बैठकीच्या खोलीत आला. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्यांची वाढीव मुदत देऊ केली, इतकेच. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधीचे बरेच संगणक त्या चाळणीतून खाली पडतात. यंत्र धडधाकट, पडदा स्वच्छ, मुलांच्या शाळेचे काम होते आहे, आणि तरी ते भंगारात काढा, असा हा सांगावा आहे. मध्यमवर्गीय घराला पन्नास हजारांची वस्तू अशी टाकवत नाही. म्हणूनच ‘यावर लिनक्स घालून पाहू’ असे कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी म्हणू लागली आहे. वडिलांच्या मनात मात्र वेगळीच चिंता आहे: सोसायटीचे हिशेब, प्राप्तिकराचे कागद, मुंजीचे आणि लग्नाचे फोटो त्याच डिस्कवर आहेत.

माझ्या मते दोघांचेही बरोबर आहे. आणि दोघांचेही समाधान होईल असे मार्ग आहेत. ते पायरीपायरीने चढायचे आहेत. पहिली पायरी म्हणजे संगणकाच्या आत संगणक. चालू विंडोजमध्येच एका खिडकीत दुसरी प्रणाली तिच्या स्वतःच्या कर्नलसह चालवता येते. ती कोसळली तर फक्त खिडकी बंद होते. २००१ मध्ये ज्या मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती, तीच कंपनी २०२० पासून विंडोजच्या आत चालणारा लिनक्सचा खरा कर्नल स्वतः पुरवते. काळाचा महिमा, दुसरे काय! दुसरी पायरी पेन ड्राइव्हची. लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्या पेन ड्राइव्हवरून थेट चालतात. डिस्कला हात लावत नाहीत. आपला प्रिंटर, आपले वायफाय, आपला मराठी कळफलक चालतो की नाही, हे एका रविवारी पाहता येते. पेन ड्राइव्ह काढला की घर पूर्ववत. तिसरी पायरी म्हणजे एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी. आणि चौथी, जुनीला निरोप.

लोक अडखळतात ते तिसऱ्या पायरीवर, आणि म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे. एक तर विंडोजमध्ये आपण ‘शट डाउन’ म्हणतो तेव्हा ते बहुधा पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावे म्हणून आपल्या कर्नलची स्थिती डिस्कवर लिहून डुलकी घेते. अशा झोपलेल्या घरात लिनक्समधून जबरदस्तीने सामान हलवले तर फाइली बिघडू शकतात. ही डुलकी आधी बंद करावी लागते. दुसरे म्हणजे अनेक नव्या संगणकांची डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. सुरू होण्याच्या पद्धतीत बदल झाला की यंत्र ४८ अंकी किल्ली मागते. ती आपल्याजवळ आहे का, हे आधी पाहावे. आणि तिसरे, ज्याला पर्याय नाही: फोटो आणि कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती तारेपासून सोडवून कपाटात ठेवावी. कपाटातल्या त्या प्रतीपर्यंत कुठल्याही कर्नलचा हात पोचत नाही. टोरवाल्ड्स यांच्या मोडेमची कथा इथे आठवावी.

शेजारी नेहमीच शहाणा असतो असेही नाही. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोजच्या सुरक्षा-दुरुस्तीने सुरू होतानाच्या तपासणीचे नियम कडक केले. दोन प्रणाली असलेल्या यंत्रांना ते लागू होणार नाहीत, असे कंपनीने म्हटले होते. प्रत्यक्षात अनेकांचे लिनक्स दुसऱ्या दिवशी सुरूच होईना. याचा पक्का उपाय मायक्रोसॉफ्टकडून आला तो मे २०२५ मध्ये. नऊ महिने! दोन भाडेकरूंनी एकच दिंडी दरवाजा वापरायचा आणि त्याच्या कुलपाचा अधिकार एकाकडेच असायचा, तर असे होणारच. म्हणून पेन ड्राइव्ह टाकून देऊ नये. तिसऱ्या पायरीवर चढल्यानंतरही दुसरी पायरी शाबूत ठेवावी.

आता ज्यांना हे सगळे फार अवघड वाटते, त्यांना एक सांगतो. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचाच कर्नल आहे. आणि २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून अनेक फोनमध्ये प्रणालीचे दोन खण असतात. तुम्ही एका खणावर फोन वापरत असता तेव्हा नवी आवृत्ती मुकाट्याने दुसऱ्या खणात लिहिली जाते. फोन पुन्हा सुरू झाला की नवा खण आजमावला जातो; तो नीट उठला नाही तर फोन जुन्या खणावर परततो. तुमचे फोटो, तुमचे निरोप या दोन्ही खणांच्या बाहेर असतात. आजीबाईंचा फोन रात्री स्वतःला अद्ययावत करतो आणि सकाळी तिला काही कळतही नाही, ते यामुळे. क्राउडस्ट्राइकनंतर मायक्रोसॉफ्टनेही २०२५ मध्ये विंडोज ११ मध्ये अशी सोय आणली की, मुख्य प्रणाली सुरू होईनाशी झाली तर एक वेगळी छोटी प्रणाली जागी होऊन इंटरनेटवरून उपाय आणते. दुसरी किल्ली अखेर दाराबाहेर आली.

सरकारे आणि कंपन्या

घराला जे लागू, ते राज्यालाही. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये आपल्या कचेऱ्या लिनक्सवर नेण्याचे ठरवले, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. त्याच देशातल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३० हजार संगणकांसाठी तसाच निर्णय घेतला, पण क्रम निराळा लावला: आधी लेखन-हिशेबाचे प्रोग्रॅम बदलायचे, मग टपाल, आणि ऑपरेटिंग सिस्टिम त्यानंतर. माणसांना नवे प्रोग्रॅम अंगवळणी पडेपर्यंत खालचा कारभारी तोच ठेवायचा, हा त्यातला शहाणपणा मला मोलाचा वाटतो.

आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीला वेगळाच अनुभव आला. कंपनीत रशियाच्या रोझनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने तिच्या टपाल वगैरे सेवा अचानक थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांतच सेवा पूर्ववत झाल्या. हा प्रश्न कर्नलचा नव्हता, दोष तांत्रिकही नव्हता. पण प्रश्न त्याच जातीचा होता: आपल्या दाराची एकुलती एक किल्ली दुसऱ्या कुणाच्या खिशात असेल तर काय? सी-डॅकने तयार केलेली बॉस ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली २००७ पासून आहे. ती विंडोजहून सरस आहे का, यावर वाद घालण्यापेक्षा, महत्त्वाच्या प्रत्येक कचेरीत चार संगणक तिच्यावर रोज खरोखर चालवून पाहिले तर गरजेच्या दिवशी हाताशी काही तरी असेल. पर्याय कागदावर असून भागत नाही. तो अधूनमधून सुरू करून पाहावा लागतो.

या साऱ्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जुने शेजारी ठेवण्याची सवय लागली की माणूस जुन्यातच राहतो. जुन्या कर्नलमध्ये सापडलेली भोके नव्यात बुजवलेली असतात. जुना यादीत राहिला, पण कुणी त्याच्यावरच वर्षानुवर्षे बसून राहिले, तर भोकांतून उंदीर येणारच. विंडोज १० वर ‘अजून चालते आहे ना’ म्हणून बँकेचे व्यवहार करत राहणारे घर याच धोक्यात आहे. म्हणून परतीच्या वाटेला मुदत हवी. महिना, दोन महिने, सहा महिने. ज्याचे त्याने ठरवावे. त्या मुदतीत नवे पास झाले तर जुन्याला मानाने निरोप द्यावा, नापास झाले तर निमूटपणे परतावे आणि दुसरे काही शोधावे.

आपल्याकडे बदलाची चर्चा नेहमी दोन टोकांना होते. एका बाजूला ‘जुने ते सोने’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला एका रात्रीत सगळे उलथून टाकायला निघालेले. यंत्रांशी खेळणाऱ्या मुलांनी तीस वर्षांपूर्वी या दोन टोकांमधली एक साधी वाट शोधून काढली आणि तिच्यावर जगाचा निम्मा कारभार आज चालतो आहे. घरातल्या मुलाने पेन ड्राइव्ह पुढे केला तर त्याला लगेच नाही म्हणू नका. फक्त आधी विचारा, ‘फोटोंची प्रत कपाटात ठेवलीस का?’ तो हो म्हणाला, तर खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसा.